दिल्लीचे गणिती मास्तर रामचंद्र

एका शेतकऱ्याजवळ ४० हात लांबीची दोरी आहे. त्या दोरीने त्याला चौकोनी वाफा आखावयाचा आहे व त्यात जास्तीत जास्त जमीन यावी अशी त्याची इच्छा आहे. वाफ्याची एक बाजू १ हात व दुसरी १९ हात ठेवली तर आत १९ चौरस हात जमीन येते. बाजू ४ व १६ हात केल्या तर ६४ चौरस हात येते. दोरी तीच, पण जमीन तिपटीहून अधिक ! मग उत्तम मांडणी कोणती ? आणि तीच उत्तम, तिच्याहून अधिक कधीच मिळणार नाही, हे कशावरून ठरवावे ?

विद्यार्थीमित्रहो, या जातीच्या प्रश्नांना महत्तम व लघुतम यांचे प्रश्न म्हणतात. हाती असलेल्या मर्यादित साधनांतून अधिकात अधिक फळ कसे मिळवावे, किंवा ठरलेले काम कमीत कमी खर्चात कसे करावे, याचा विचार त्यांत असतो. आज गणिताच्या या शाखेला इष्टतमीकरण असे भारदस्त नाव मिळाले असून कारखाने, आगगाड्या, विमाने व गणकयंत्रे या सर्वांच्या व्यवहारांत तिचा उपयोग होतो. परंतु या देशातील एका सामान्य पगाराच्या शाळामास्तराने इ. स. १८५० मध्ये याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तो पुढे लंडनमध्ये पुन्हा छापला गेला, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या मास्तरांचे नाव रामचंद्र. त्यांचे चरित्र मुलांनी तर वाचावेच, पण पालकांनीही वाचावे असे आहे.

रामचंद्र यांचा जन्म इ. स. १८२१ मध्ये पानिपत येथे झाला. पानिपत हे नाव ऐकताच मराठी मनात १७६१ सालच्या रणाची आठवण जागी होते, परंतु त्या गावाने हा शांत वृत्तीचा विद्वानही देशाला दिला आहे. वडील सुंदरलाल हे दिल्लीच्या कायस्थ कुळातील असून कंपनी सरकारच्या वसूल खात्यात नोकरीस होते. १८३१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा रामचंद्र अवघे दहा वर्षांचे होते. मातेच्या पदरी सहा मुलगे, आणि घरात मिळवते कोणी नाही, अशी त्या कुटुंबाची अवस्था झाली. तशातही त्या माउलीने मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. १८३३ साली रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले.

त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचे लग्नही बालपणीच उरकण्यात आले. मुलीचे घराणे सधन होते, परंतु ती जन्मतः मुकी व बहिरी आहे हे लग्नानंतर उघड झाले. ज्या वयात मुले विटीदांडू खेळतात, त्या वयात या मुलाच्या डोक्यावर दारिद्र्य व संसार ही दोन्ही ओझी एकदमच आली.

सहा वर्षे शाळेत काढल्यावर त्यांना शिक्षण सोडावे लागले व दोन-तीन वर्षे त्यांनी कारकुनी केली. पुष्कळांचा विद्याभ्यास अशा ठिकाणी कायमचा संपतो. परंतु १८४१ साली दिल्ली कॉलेजात वरिष्ठ वर्गाच्या शिष्यवृत्तीसाठी चढाओढीची परीक्षा ठेवण्यात आली. रामचंद्र तीत बसले व दरमहा ३० रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून पुन्हा विद्यार्थी झाले. गणिताची गोडी त्यांना शाळेपासूनच होती. त्या शाळेत उच्च गणित शिकवण्याची मोठीशी सोय नव्हती, म्हणून मिळेल ते पुस्तक घेऊन ते स्वतःच अभ्यास करीत. स्वावलंबनाने मिळवलेली विद्या अधिक खोल रुजते, याचा प्रत्यय पुढे त्यांच्या ग्रंथात आला.

दिल्ली कॉलेजाविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जुन्या मदरशाच्या जागी १८२५ साली हे कॉलेज सुरू झाले. त्याच्या एका शाखेत इंग्रजी शिक्षण मिळे व दुसऱ्या, म्हणजे पौर्वात्य शाखेत अरबी, फारसी व संस्कृत या भाषा शिकवल्या जात. या दुसऱ्या शाखेत पाश्चात्य शास्त्रेही शिकवावीत, आणि ती इंग्रजीतून नव्हे तर लोकांच्या उर्दू भाषेतून शिकवावीत, असा एक धाडसी प्रयोग तेथे झाला. फेब्रुवारी १८४४ मध्ये रामचंद्र यांची या कामी शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पगार दरमहा ५० रुपये.

शिकवायचे खरे, पण पुस्तके कोठे होती ? उर्दूत बीजगणित नाही, त्रिकोणमिती नाही, चलनकलन, म्हणजे ज्याला आता कलनशास्त्र म्हणतात, ते तर नाहीच. मास्तरांनी पुस्तके नाहीत म्हणून हात जोडून बसण्याऐवजी ती स्वतः तयार करण्याचा मार्ग धरला. भाषांतरासाठी तेथे एक मंडळ स्थापन झाले होते. त्याच्यातर्फे त्यांनी गणिताची एकामागून एक पुस्तके उर्दूत आणली. मातृभाषेतून शास्त्र शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हे कृतीनेच दिलेले उत्तर होते. शिवाय १८४५ पासून ‘फवायद-उल-नाझिरीन’ व १८४७ पासून ‘मुहिब्ब-इ-हिंद’ ही नियतकालिके त्यांनी चालवली. त्यांत नव्या शास्त्रांची माहिती असे, थोरांची चरित्रे असत आणि खुळ्या समजुतींवर टीकाही असे.

पृथ्वी स्थिर असून सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे जुन्या पद्धतीचे पंडित व मौलवी अद्याप मानीत. मास्तरांच्या वर्गातील मुले मात्र पृथ्वी फिरते हे सप्रमाण शिकून घरी जात व वडीलधाऱ्यांशी वाद घालीत. यामुळे शहरात पुष्कळ कुरकुर झाली. परंतु त्याच वर्गांतून पुढे नाणावलेली माणसे निघाली. उर्दूत कादंबरीचा पाया घालणारे नझीर अहमद, थोर लेखक मुहंमद हुसेन आझाद आणि उर्दूत गणिताची असंख्य पाठ्यपुस्तके लिहिणारे झकाउल्ला हे सर्व त्या कॉलेजचे विद्यार्थी. झकाउल्ला यांचा तर मास्तरांवर व मास्तरांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता.

आता आपण त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. महत्तम-लघुतमाचे प्रश्न सोडवण्यासाठी युरोपात न्यूटन व लायब्निझ यांच्या काळापासून चलनकलनाचा उपयोग करीत. ते साधन मोठे समर्थ आहे यात संशय नाही, परंतु नवशिक्याला त्याची मूळ कल्पना समजणे कठीण जाते. रामचंद्र यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडे पाहिले. त्यांना असे आढळले की, आपल्या देशातील मुलांना बीजगणित सहज रुचते. बीजगणित हा तर या भूमीचाच जुना वारसा. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ नावाचाच ग्रंथ रचला, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथील शिलालेखात आजही पाहावयास मिळते. तो वारसा मध्यंतरी खुंटला होता. तेव्हा जी विद्या आपल्या लोकांच्या बुद्धीला जवळची आहे, तिच्याच साहाय्याने महत्तम-लघुतमाचे सर्व प्रश्न सोडवता येतील काय, असा प्रश्न मास्तरांनी स्वतःस घातला, आणि वर्षानुवर्षे परिश्रम करून त्याचे उत्तर शोधले.

त्यांची युक्ती आपण शेतकऱ्याच्या दोरीवरच पाहू. वाफ्याच्या दोन लगतच्या बाजू मिळून २० हात होतात. एक बाजू क्ष मानली तर दुसरी २० − क्ष होईल. आतील जमीन य मानू. म्हणजे क्ष × (२० − क्ष) = य. हे वर्गसमीकरण सोडवले असता क्ष ची किंमत १० अधिक किंवा उणे (१०० − य) चे वर्गमूळ अशी येते. आता विचार करा. य ही संख्या १०० हून मोठी झाली तर आपणास ऋण संख्येचे वर्गमूळ घ्यावे लागेल, आणि तशी बाजू कोणत्याही शेतात आखता येणार नाही. म्हणून य जास्तीत जास्त १०० असू शकते, आणि त्या वेळी क्ष बरोबर १० होतो. म्हणजे वाफा समचौरस असावा. येथे चलनकलनाचे नावही घ्यावे लागले नाही. समीकरणानेच आपली सीमा आपल्या मुखाने सांगितली !

ही युक्ती वर्गसमीकरणाच्या बाबतीत पूर्वीच्या पुस्तकांतूनही कोठे कोठे आढळते. रामचंद्र यांचे विशेष हे की, त्यांनी तिला पद्धतीचे रूप दिले. समीकरण तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या घाताचे असले तरी त्यातून वर्गसमीकरण वेगळे काढून तोच न्याय कसा लावावा, हे त्यांनी दाखवले, आणि भूमितीतील व इतर अनेक प्रश्न एका सूत्रात ओवले. दिलेल्या शंकूत मोठ्यात मोठी वृत्तचिती कोणती बसेल, अशा जातीचे हे प्रश्न होत.

ग्रंथ इंग्रजीत लिहून तयार झाला, पण छापणार कोण ? मास्तरांनी तो स्वतःच्या खर्चाने १८५० साली कलकत्त्यास छापवला. ५० रुपयांवर नोकरीस लागलेल्या शिक्षकाला हे धाडस किती महाग पडले असेल, याची कल्पना पालकांना सहज येईल. आणि फळ काय मिळाले ? कलकत्त्याच्या नियतकालिकांतून प्रतिकूल टीका आली. जे काम चलनकलनाने चटकन होते त्यासाठी हा द्राविडी प्राणायाम कशाला, असा टीकेचा रोख होता. लेखकाचा हेतू शिकणाऱ्याच्या सोयीचा होता, इकडे टीकाकारांचे लक्षच गेले नाही.

तथापि एका माणसाचे लक्ष गेले. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायदेमंत्री ड्रिंकवॉटर बेथून हे स्वतः केंब्रिजचे गणिती होते. कलकत्त्यास मुलींची शाळा स्थापन करणारे ते हेच बेथून. त्यांनी ग्रंथाच्या काही प्रती विकत घेतल्या व त्यांतील एक लंडनला प्रोफेसर ऑगस्टस डी मॉर्गन यांजकडे धाडली. डी मॉर्गन हे त्या काळचे नामांकित गणिती व तर्कशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याच देशात, मदुरा येथे झाला होता. ग्रंथ वाचताच त्यांना त्यातील स्वतंत्र बुद्धीची ओळख पटली. त्यांनी हे काम ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या कानावर घातले. संचालकांपैकी कर्नल साइक्स यांच्याशी त्यांचा परिचय होता. हे साइक्स म्हणजे पूर्वी मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर हिंडून येथील जमिनी, पिके व पक्षी यांची माहिती जमवणारे गृहस्थ. अखेर कंपनीने ग्रंथकर्त्यास पाच वस्त्रांची खिलत व २००० रुपये देण्याचे ठरवले, आणि डी मॉर्गन यांच्या देखरेखीखाली व त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ १८५९ साली लंडन येथे पुन्हा प्रसिद्ध झाला. युरोपीयांनी दिलेले ज्ञान हिंदी लोकांनी नुसते गिळावे हे डी मॉर्गन यांना मान्य नव्हते. या लोकांची मूळची विचारशक्ती पुन्हा जागी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि रामचंद्र यांच्या ग्रंथात त्यांना त्या जागृतीचे चिन्ह दिसले.

परंतु १८५० व १८५९ या दोन सालांच्या मध्ये मास्तरांच्या आयुष्यात मोठी वादळे होऊन गेली होती. सुशिक्षित इंग्रज लोक मनातून कोणताच धर्म मानीत नाहीत, अशी त्यांची एके काळी समजूत होती व ते स्वतःही सर्व धर्मांविषयी उदासीन होते. एकदा दिल्लीच्या देवळात शिकलेसवरलेले इंग्रज गुडघे टेकून मनोभावे प्रार्थना करीत असलेले त्यांनी पाहिले, तेव्हा त्या समजुतीला धक्का बसला. त्यांनी नवा करार व इतर धर्मांचे ग्रंथ गणितासारखेच बारकाईने वाचण्यास आरंभ केला. शेवटी १८५२ साली, डॉक्टर चिमणलाल यांच्याबरोबर, दिल्लीच्या सेंट जेम्स देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शहरात मोठी खळबळ उडाली. जातीने त्यांना दूर केले, व घरच्या माणसांना पराकाष्ठेचे दुःख झाले. लोभाने किंवा भयाने केलेले हे धर्मांतर नव्हते. नोकरी होती ती होतीच, आणि गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

११ मे १८५७ रोजी मीरतेहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले. त्या दिवसांच्या कापाकापीत कॉलेजचे मुख्याध्यापक टेलर मारले गेले. डॉक्टर चिमणलाल यांचाही वध झाला. कॉलेज लुटले गेले. मास्तरांचाही शोध होत होता. अशा वेळी, ज्यांनी धर्मांतरामुळे त्यांच्यावर राग धरला होता त्याच नातलगांनी त्यांना घरात लपवले, व विश्वासू नोकरांनी जिवावर उदार होऊन त्यांना शहराबाहेर खेड्यात पोहोचवले. रक्ताचे नाते व खाल्ल्या मिठाची जाणीव ही मतभेदांहून बळकट ठरली. तेथून काही काळाने ते इंग्रजांच्या छावणीत गेले.

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. आता तरी मास्तरांना सुख लाभावे ! परंतु सूडाने पेटलेल्या लष्करी माणसांना हिंदी मनुष्य दिसला की तो शत्रूच वाटे. आपण ख्रिस्ती आहोत व सरकारचेच काम करीत आहोत, असे सांगत असतानाही एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना काठीने मारले. रामचंद्र यांनी ही गोष्ट मुकाट्याने सोसली नाही आणि सूडाची भाषाही वापरली नाही. त्यांनी लष्करी गव्हर्नराकडे सरळ लेखी तक्रार केली. शिपायांच्या हातून मरण येण्याची भीती होती तेव्हा धर्मावरील निष्ठेने आपणास धीर दिला, परंतु स्वधर्मीयांच्या हातून अपमान व्हावा याचे दुःख सोसवत नाही, असा त्या तक्रारीचा आशय होता. ज्यांना सोडून आलो त्यांनी प्राण वाचवावे, आणि ज्यांच्यात आलो त्यांनी काठी उगारावी, असा विलक्षण प्रसंग त्यांच्यावर आला. तरी त्यांनी पहिल्यांचा द्वेष केला नाही आणि दुसऱ्यांची खुशामतही केली नाही.

१८५८ च्या आरंभी रुडकीच्या इंजिनियरिंग कॉलेजात त्यांची नेमणूक झाली, व त्याच वर्षी ते दिल्लीच्या नव्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. जळालेल्या शहरात पुन्हा फळा उभा करून त्यांनी मुलांना अंकगणितापासून शिकवण्यास प्रारंभ केला. १८६३ साली चलनकलन सोपे करून सांगणारा त्यांचा दुसरा ग्रंथ कलकत्त्यास निघाला. त्याला पहिल्यासारखा डी मॉर्गन लाभला नाही व तो मागे पडला. १८६६ साली प्रकृती बिघडल्याने त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे पतियाळा संस्थानचे महाराज महेंद्रसिंग यांचे शिक्षक म्हणून त्यांना बोलावणे आले, व १८७० साली त्या संस्थानच्या विद्याखात्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे सोपवण्यात आले. संस्थानात शाळा काढण्याच्या कामी त्यांनी उरलेली शक्ती वेचली. ११ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता त्यांच्या कार्याचे मोल काय, हे निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. त्यांची पद्धत चलनकलनाची जागा घेऊ शकली नाही. घात वाढत गेले की ती लांबते व किचकट होते, म्हणून गणिती लोक जुन्याच साधनाकडे वळले. यास्तव त्यांना न्यूटनच्या पंक्तीस बसवणे हा त्यांचाच अवमान होईल, कारण ते सत्याचे उपासक होते. परंतु वर्गसमीकरणाने महत्तम व लघुतम काढण्याची रीत विद्यार्थी आजही वापरतात, आणि तिच्यातील सौंदर्य कमी झालेले नाही. दिल्ली कॉलेजची परंपरा आज झाकीर हुसेन दिल्ली कॉलेजच्या रूपाने चालू आहे. आणि मास्तरांचा ग्रंथ, परकीय सत्तेच्या छायेतही या देशाची बुद्धी स्वतंत्रपणे विचार करीत होती, याचा साक्षीदार म्हणून इतिहासकार आदराने उघडतात.

त्याहून मोठी गोष्ट ही की, हा ग्रंथ कीर्तीच्या हव्यासातून जन्मला नाही. समोर बसलेल्या मुलाला समजत नाही, मग त्याला समजेल असा मार्ग कोणता, या एका शिक्षकाच्या तळमळीतून तो जन्मला. मुले मंद आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. रामचंद्र यांनी मुलांना दोष न देता वाट बदलली.

विद्यार्थीमित्रहो, महत्तमाच्या प्रश्नात दोरीची लांबी आपण ठरवत नाही. ती दिलेली असते. रामचंद्र यांना मिळालेली दोरी आखूडच होती : पितृहीन बालपण, कारकुनीत गेलेली वर्षे, तुटपुंजा पगार, समाजाचा रोष. पण तेवढ्याच दोरीत त्यांनी केवढी जमीन घेरली ! आणि पालकहो, अशा मुलाच्या पाठीशी सहा मुलांची एक विधवा आई उभी होती, हेही आपण विसरू नये. तिने शाळेचा दरवाजा बंद होऊ दिला नाही, म्हणून पुढचे सारे घडले. घरात मूल अडखळत शिकत असेल, परीक्षेत मागे पडत असेल, तर ते सोडून देण्यापूर्वी त्याच्यासाठी दुसरी वाट आहे काय, हे एकदा पाहावे. दिल्लीच्या या मास्तराने ती शोधली आणि त्याला ती सापडली.